खाली पडलेले मणी

बयाबाईच्या पिशवीत दोन किलो तरी द्राक्षाचे सुटे मणी निघाले आणि बागमालक सोमनाथचा आवाज चढला.

"कोणी सांगितलं गं तुला हे घ्यायला?"

फाटकाशी बायकांची रांग जागच्या जागी थांबली. खुडा उरकला की जाताना डब्याच्या पिशव्या बघायच्या, ही निफाडच्या या बागेतली रीतच होती. गळालेले मणीसुद्धा बेदाणेवाला विकत नेतो, मग ते फुकट कोण सोडतंय?

सोमनाथचा धाकटा भाऊ प्रफुल्ल मात्र एक पाऊल मागे सरकला. कारण सांगितलं होतं ते त्यानेच.

म्हणजे तसं मुद्दाम सांगितलं नव्हतं. नाशिकच्या कॉलेजात तो तत्त्वज्ञान शिकवायचा, आणि उद्या त्याचं व्याख्यान होतं: धंदा, पैसा आणि तीन धर्मांची नीती. खुड्यासाठी चार दिवस रजा टाकून आला तो त्या व्याख्यानाचे कागद घेऊनच. मोठ्यानं वाचल्याशिवाय त्याच्या डोक्यात काही शिरत नसे. वेलींखाली येरझारा घालत तो म्हणायचा, यहुद्यांचा धर्म बागवाल्याला बजावतो, खाली पडलेली द्राक्षं वेचू नकोस, ती गरिबाची आणि परक्याची. येशूच्या गोष्टीतला मळेवाला उन्हं कलताना आलेल्या मजुरालाही पुरा रोज देतो. मुसलमानांत, आपण लावलेल्या झाडाचं फळ माणसानं खाल्लं काय नि पाखरानं खाल्लं काय, ते आपल्या हातून झालेलं दानच. बायका खुडता खुडता ऐकायच्या. पेठ तालुक्यातून मजुरीला आलेली बयाबाई तर एकदा म्हणालीही होती, "लय चांगलं बोलता, मास्तर." केवढा फुगला होता तेव्हा शहाणा!

"अगं बोल की! दातखीळ बसली का?" सोमनाथ पुन्हा ओरडला.

बयाबाईनं प्रफुल्लकडे पाहिलं. 'मीच म्हणालो होतो, दादा.' एवढं बोलला असता तरी पुरलं असतं. पण दादा वर्षभर राबलेला, उन्हानं आधीच तापलेला. त्याच्यापुढे चार बायकांदेखत हे कसं बोलायचं? प्रफुल्लनं खिशातून मोबाईल काढला आणि उगाच त्यात डोकं घातलं. स्वतःची लाज वाटत होती, तरी मान वर होईना.

"कोनी नाय," बयाबाई म्हणाली. "माझी मीच घेतले."

"मग उद्यापासून येऊ नको कामाला."

तिनं पिशवी क्रेटमध्ये रिकामी केली. उलटी करून झटकली. तळाला चिकटलेला एक मणी राहिला होता, तोही काढून टाकला. मग ती निघाली आणि जाता जाता प्रफुल्लपाशी थांबली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"मास्तर," तिनं हळूच विचारलं, "त्या तिघांचे मळे कुठं हायत? उद्यापासून तिकडंच जाईन म्हनते."