बाटली बी

"मॅडम, माझ्या बीचापण रंग बदलला," तिसऱ्या टेबलावरून रुचिता म्हणाली.

कल्पिता मॅडमनी तिकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर परीक्षकांनीही पाहिलं असतं.

प्रात्यक्षिक परीक्षेची पहिली बॅच चालू होती. कॉलेज बाळकुमचं आणि परीक्षक श्रीपाद सर कल्याणहून आलेले. प्रत्येक टेबलावर ए आणि बी अशा दोन बारक्या बाटल्या होत्या आणि दोन्हींवर 'लघवीचा नमुना' अशी चिठ्ठी होती. नमुन्यात बेनेडिक्टचं निळं द्रावण घालून तापवायचं. विटकरी झालं तर साखर आहे, म्हणजे माणूस मधुमेही. निळंच राहिलं तर माणूस ठणठणीत.

लघवी अर्थातच खोटी. चहाचं फिकट पाणी असतं ते. एमध्ये ग्लुकोज घालायचा, बीमध्ये नाही. सगळीकडे हेच चालतं. मुलींनाही ते ठाऊक असतं, तरी नाकं मुरडल्याशिवाय त्यांची परीक्षा होत नाही.

परीक्षकांच्या हातातल्या कागदावर लिहिलं होतं : ए, साखर आहे. बी, साखर नाही. खाली कल्पिताची ठसठशीत सही होती. आणि सहाच्या सहा टेबलांवर बी विटकरी झाला होता.

कॉलेजात तिचं हे दुसरं वर्ष, तेही करारावर. एप्रिलमध्ये करार वाढायचा होता. गेल्या वर्षीच्या परीक्षकांनी बाटली हुंगून "मॅडम, आलं जरा जास्त झालंय" असं सगळ्यांसमोर म्हटलं होतं. मुलं खो खो हसली होती. प्रिन्सिपल मात्र हसले नव्हते. "पुन्हा असं काही कानावर आलं, तर मला दुसरं कोणीतरी बघावं लागेल," एवढंच म्हणाले होते.

श्रीपाद सर सावकाश एकेक टेबल बघत होते. आवाज चढवणाऱ्यातले ते नव्हते, आणि कल्पिताला त्याचीच जास्त धास्ती वाटत होती.

"हे बघा मॅडम," त्यांनी दोन वह्या पुढे केल्या. "या साकेतची नळी विटकरी झालीय, पण त्यानं लिहिलंय, बीमध्ये साखर नाही. का रे?"

"सर, बी नॉर्मलच असतो ना," साकेत म्हणाला. "सीनियर्सनी सांगितलेलं."

"आणि ही रुचिता. हिनं जे दिसलं ते लिहिलं. तुमच्या कागदाप्रमाणे ही चुकली आणि हा बरोबर. मी मार्क कुणाला देऊ?"

रुचिताचे डोळे भरून आले होते. कल्पिताला तिची दया आली आणि लगेच स्वतःची जास्त आली, आणि मग त्याचीच लाज वाटली.

"नळ्या नीट धुतल्या नसतील, सर."

"सगळ्याच?"

तिनं घाईघाईनं एका नव्या नळीत नळाचं साधं पाणी घेतलं, बेनेडिक्ट घातलं आणि तापवायला ठेवलं. द्रावणच खराब निघू दे, अशी तिनं मनातल्या मनात प्रार्थना केली. पाच मिनिटं झाली. नळी निळीच्या निळी राहिली.

"म्हणजे द्रावण चांगलं आहे," श्रीपाद सर म्हणाले. "साखर बीमध्येच आहे. ग्लुकोजचा डबा कुठे असतो?"

"कपाटात. कुलपात."

"चावी?"

चावी तिच्याच पर्समध्ये होती. सकाळी एपुरता ग्लुकोज तिनं स्वतः मोजून दिला होता आणि कुलूप लावलं होतं.

"मला रिपोर्ट लिहावा लागेल, मॅडम. मुलांच्या मार्कांचा प्रश्न आहे."

"एक मिनिट द्या सर. सखारामला विचारते."

सखाराम हा इथला प्रयोगशाळा परिचर. गावातलाच, कॉलेज उघडलं तेव्हापासूनचा. बाटल्या दर वर्षी तोच भरायचा. पण तो जागेवर नव्हता. सकाळपासून हा तिसऱ्यांदा गायब. कल्पिताचा पारा चढला. नेमका आजच याला टिवल्याबावल्या सुचाव्यात!

तो आला तो हात पुसतच. तिनं त्याला मागच्या खोलीत नेलं. श्रीपाद सर दारात उभे राहिले.

"सखाराममामा, खरं सांगा. बीमध्ये ग्लुकोज पडला ना? चमचा तोच वापरलात?"

"नाय मॅडम. एच्याच बाटल्यांत घातला, तुमच्या म्होरंच."

"मग वरून साखर घातलीत? चहा करताना घालतात तशी?"

"आईशप्पत नाय!"

"मामा, माझी नोकरी जाईल हो. तुम्हाला मी काही बोलणार नाही, पण काय झालं ते सांगा." तिचा आवाज आता रडवेला झाला होता. "बीमध्ये नुसतं चहाचं पाणीच होतं ना?"

सखारामनं दाराकडे, सरांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"चहाचा पानी नव्हता त्यात."

"मग काय होतं?"

"गेल्या सालाला त्या चहापायी समदी तुमाला हसली. मना लय वाईट वाटला. म्हटला, औंदा मॅडमना कोनी हसाला नको. बी म्हंजे ठनठनीत मानसाची, आसा तुमीच शिकवता ना पोरांना?" तो ओशाळून हसला. "म्हनून सकाली मी माजीच भरली."