बारावी काच

बाबांनी मृत्युपत्रात घर मला दिलं आणि खिडकीच्या काचा धाकट्या हेपझिबाला. आमच्या बॉस्टनच्या वसाहतीत काचा घरात धरत नाहीत, ताटवाट्यांसारख्या वेगळ्या वाटून देतात. विलायतेहून आलेल्या, शंकरपाळ्यांच्या आकाराच्या बारा काचा! लाडकीच ना ती! काचा न्यायला ती यायच्या आत मी एक काच उचकटून पेटीत दडवली. "एक फुटली गं," मी म्हणाले. हेपझिबाने अकरांतली एक माझ्या हातात ठेवली. "ताई, तू काय दिवसभर काचेऐवजी तेल लावलेल्या कागदाआड अंधारात बसणार? ही चुलीपाशी लाव. मला दहा पुष्कळ." मेली देण्यातही माझ्यापुढे! ती काच मी चुलीपाशी लावली. तिच्यातून समोरची हेपझिबाची खिडकी लख्ख दिसते: दहा काचा, कागदाची दोन ठिगळं. एका ठिगळाचं गावभर कौतुक चालतं. दुसऱ्या ठिगळाची काच पेटीत पडून आहे, कुठेच लावता येत नाही.