आतली मूठ

ईस्टरच्या प्रार्थनेहून घरी येताच आईने शवपेट्या बनवणाऱ्या आपल्या लेकाला स्वतःच्याच पेटीची ऑर्डर दिली. "आणि झाकणाला आतून मूठ लाव."

"आतून? अगं, आजवर माझं एक तरी गिऱ्हाईक परत आलंय का?"

"येशूच्या थडग्यावरची धोंड सरकवायला देवदूत आला. माझ्यासाठी कोण येणार? तू तर रविवारी दहाशिवाय उठत नाहीस."

चर्चच्या वाऱ्यालाही उभा न राहणाऱ्या लेकाने कपाळाला हात लावला, पण मूठ बसवली.

पुढे आई गेली. सगळ्यांसमोर पेटीचं झाकण लावायची वेळ आली, तसा तो ओरडला, "थांबा!" आणि धावत जाऊन स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला.

"मूठ उजवीकडे बसलीय," स्क्रू काढता काढता तो पुटपुटला, "आई डावखुरी आहे."