आडवी परात

मुलीच्या पत्राला मी चार महिने उत्तर दिलं नव्हतं. 'बाबा, फोनवर तुम्ही "आईला देतो" एवढंच म्हणायचात. आता आई नाही, म्हणून पत्र लिहितेय. कसे आहात?' मी सात वेळा लिहायला घेतलं आणि फाडलं. सगळंच पुस्तकी वाटायचं.

पत्रापाठोपाठ आठवड्याभरात तिनं डिशवॉशर पाठवला होता. पण त्यातून वाट्या खरकट्याच निघायच्या. मी जाळी साफ केली, पावडर बदलली, माहितीपुस्तिका दोनदा वाचली. तिला कळवायचा धीर होईना, म्हणून सगळी भांडी पुन्हा हातानं घासत राहिलो.

शेवटी शेजारच्या कालिंदीवहिनींना बोलावलं. मशीनचं दार उघडताच त्यांनी कपाळाला हात लावला.

"भाऊजी, एवढी पुस्तकं वाचता आणि परात तळाशी आडवी घालता? खालून उडणारं पाणी हिच्यातच अडतंय. वाट्यांपर्यंत पोचणार कसं?" परात बाहेर काढून त्या म्हणाल्या, "आणि एकट्याच्या दोन पोळ्यांना एवढी परात कशाला हो?"

"सवय," मी म्हणालो.

त्या गेल्यावर कागद घेतला. 'मशीन उत्तम आहे. वाट्या खरकट्या निघायच्या, पण चूक माझीच होती, परात तळाशी आडवी घालायचो. खरं तर एवढी परात मला लागत नाही. तुझ्या आईची आहे, म्हणून रोज तिच्यातच कणीक भिजवतो. कसा आहे, विचारलं होतंस. फार एकटा आहे. येशील?'

या वेळी पुन्हा वाचून पाहिलं नाही. चपला घालून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेलो आणि पत्र आत टाकलं.