आधी ठिकाण सांगा

सुरतेत तापीचं पाणी पुलावरून वाहू लागलं आणि फोन बंद पडले. गच्च्यांवर वायरलेस सेट घेऊन बसलेल्यांचा नियम एकच होता: आधी आपलं ठिकाण सांगायचं, मग निरोप ज्या घरी द्यायचा त्या घराच्या जो जास्त जवळ असेल त्याने तो पुढे न्यायचा.

त्यांतल्याच भिकनने दूर घरी असलेल्या बायकोसाठी निरोप सोडला, "उज्ज्वला, पोरीला घेऊन गच्चीवर जा." सात गच्च्यांनी तो पुढे पोचवला.

तासाभराने अनोळखी आवाज आला. "निरोप मिळाला, भाऊ. दोघी माझ्याजवळच आहेत."

भिकनला रडूच कोसळलं. "लई उपकार झाले, भाऊ! पण तुझं ठिकाण सांगायचं राहिलं."

सेट खरखरला.

"पुलाच्या खाली. तिसऱ्या खांबापाशी."