पहिली अंघोळ

"मीच घातली हो त्याला अंघोळ," बेबीताई लिफ्टमनला सांगत होत्या. "नळी भिजवायची नाही म्हणून बजावलं होतं. तरी घातली."

लिफ्टमनने बिचाऱ्याने मान हलवली. नूपुरने सासूबाईंचा दंड धरून त्यांना आयसीयूच्या मजल्यावर उतरवलं. परळच्या त्या इस्पितळात आता हे माहीत नसलेलं माणूस शोधूनच काढावं लागलं असतं. नर्सला सांगून झालं होतं, बाकावरच्या कोल्हापूरच्या बाईंना सांगून झालं होतं. काळाचौकीहून डबा घेऊन येणाऱ्या शेजारच्या शामरावांना तर दोनदा.

राजस आत होता. नूपुरचा नवरा, बेबीताईंचा एकुलता एक. रक्ताचा कॅन्सर, केमो चालू, औषधासाठी छातीत बसवलेली नळी. गेल्या वर्षीची दिवाळी त्याने वॉर्डात काढली होती. बेबीताई चकल्या घेऊन काचेबाहेर उभ्या राहिल्या आणि चकल्या तशाच परत घेऊन आल्या. यंदा त्यांनी डॉक्टरांच्या अक्षरशः पाया पडून त्याला सणापुरतं घरी आणलं.

"पांढऱ्या पेशी फार कमी आहेत," डॉक्टर म्हणाले होते. "नळी कोरडी ठेवा. रोज ताप बघा. शंभरच्या वर गेला तर सण-बिण काही नाही, लगेच इथे."

नरक चतुर्दशीच्या पहाटे बेबीताईंनी त्याला पाटावर बसवलं, तेल चोळलं, उटणं लावलं. नळीवर प्लास्टिक गुंडाळलं होतं, पण पाणी शिरायचं तिथे शिरलंच. सदरा घालता घालता राजसला हुडहुडी भरली. टॅक्सीत त्याला नूपुरचं नावही आठवेना.

पावावर बुरशी धरते हे नूपुरला माहीत होतं. ती माणसाच्या रक्तातही वाढते, हे तिला इथे आल्यावर कळलं.

सासूबाई जगाला सांगत सुटल्या होत्या. नूपुर गप्प होती, कारण तिचा गुन्हा कुणी विचारलाच नव्हता.

तिने थर्मामीटर हरवला होता.

वसुबारसेला सकाळी तिने राजसचा ताप बघितला होता. नव्हता. संध्याकाळी बघायला गेली तर थर्मामीटर जागेवर नाही. चांगला होता तो, बटण दाबलं की आधी मागच्या वेळचा ताप दाखवायचा. "केमोनंतर माझ्यापेक्षा याचीच मेमरी बरी," राजस म्हणायचा. तिने गादी उचलून बघितली, खण उपसले. बेबीताईही तिच्याबरोबर कपाटाखाली वाकून शोधत होत्या.

"खालून नवीन घेऊन येते," ती म्हणाली होती.

"अगं, दारात पाहुणे उभे आहेत, आता कुठे जातेस? मी हात लावून बघत जाईन. त्याचा ताप माझ्या हाताला लहानपणापासून कळतो."

आणि त्या बघत होत्या. दर थोड्या वेळाने राजसच्या कपाळाला हात लावायच्या आणि सांगायच्या, "गार आहे गं." नूपुरला करंज्या तळायच्या होत्या, कंदील लावायचा होता. नवीन थर्मामीटर राहूनच गेला. आता तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

डॉक्टर बाहेर आले. "नळी काढलीय. बुरशीवरचं औषध चालू आहे. पण किडन्यांवर ताण आलाय. पुढचे दोन दिवस कठीण आहेत."

"माझ्यामुळेच हो, डॉक्टर! मी अंघोळ घातली."

"अंघोळीने नाही, आजी. अंघोळ झाल्या झाल्या या बुरशीचा ताप चढत नाही. ती आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असते, पेशी कमी झाल्या की तिथून रक्तात उतरते. राजसच्या अंगात ती आधीपासून असणार." ते नूपुरकडे वळले. "घरी ताप आला नव्हता? दोन दिवस आधी त्याला आणलं असतं तर काम पुष्कळ सोपं होतं."

"नव्हता," ती म्हणाली. "रोज बघत होतो."

एवढं ऐकून बेबीताईंना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्यांनी उलट डॉक्टरांची बाही धरली. "नाही हो, अंघोळच! पाणी आत गेलं, मी डोळ्यांनी बघितलं. मलाच दोष द्या."

नूपुरला त्यांची दया आली आणि स्वतःची लाज वाटली. आपलं पाप ही म्हातारी डोक्यावर घेऊन फिरतेय आणि आपण खुशाल फिरू देतोय.

डॉक्टर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "आई, त्यांना खरं सांगायला हवं. माझ्याकडून थर्मामीटर हरवला, म्हणून..."

"काही सांगायचं नाही," बेबीताईंनी तिचा हात घट्ट दाबला. "तुझी काही चूक नाही. मी हात लावत होते ना? गार होता तो. जा, घरी जाऊन अंघोळ कर, दोन घास खा. माझं लुगडं आण." ती निघाली तशी त्यांनी मागून हाक मारली. "आणि उटण्याचा डबा तेवढा राहू दे. हात लावू नकोस. माझ्या हाताने घडलं, माझ्याच हाताने फेकते."

नूपुरला रडू आलं. इतकं मोठं मन तिच्या स्वतःच्या आईचंही नव्हतं.

काळाचौकीच्या घरात दुपारची सामसूम होती. गॅलरीत कंदील लटकत होता. नूपुरने कपडे भरले, लुगडं घेतलं. मग देवघराच्या मागे तो पितळी डबा तिला दिसला. आधीच खचलेल्या बाईला हा पुन्हा बघायला लागू नये, असं तिच्या मनात आलं. एवढं तरी आपण करूया. तिने डबा नेऊन कचऱ्याच्या बादलीत उपडा केला.

उटण्याबरोबर काहीतरी टणकन पडलं.

तिने ते उचललं, ओढणीला पुसलं आणि बटण दाबलं.

१०२.४