सरजाबाईची पट्टी

सरजाबाई आज पहाटे गेली. पण ती गेलीच नाही असं धरून पुढं जाऊ. सगळं अहमदपूर तेच करून राहिलंय.

तिचा लेक ज्ञानोबा सकाळी सकाळी 'बालाघाट दर्शन' या केबल चॅनलच्या ऑफिसात, मालक मल्लिनाथआप्पांच्या समोर बसला होता. खांद्यावर टॉवेल, डोळे सुजलेले. काम एका ओळीचं होतं. टीव्हीच्या तळाशी पट्टी फिरवायची : दुःखद निधन, माती दुपारी.

अहमदपुरात माणूस डॉक्टरनं सांगून मरत नाही, केबलच्या पट्टीवर आल्यावर मरतो. पट्टी आली की माणसं टोपी शोधतात, बाया कुकर बंद करतात आणि निघतात. सरजाबाईनं तर हयातभर टीव्हीचा तेवढाच भाग बघितला. वर मालिकेत सासू मेली का सून, तिला सोयरसुतक नव्हतं. पट्टीत ओळखीचं नाव आलं की पदर सावरून एसटी स्टँड गाठायची. मग लोहा असो की उमरी. "आपण लोकाच्या मातीला गेलो तर लोक आपल्या मातीला येतेत," म्हणायची. आयुष्यात तिनं एवढीच काय ती गुंतवणूक केली.

"पट्टी चालवता येत न्हाई, ज्ञानोबा," आप्पा म्हणाले.

"का?"

"एकदा चालवली की."

चालवली होती. मागच्या महिन्यात, सरजाबाई लातूरच्या दवाखान्यात चहात बिस्कीट बुडवत असताना. केबल बघणारे कमी झाले म्हणून आप्पांनी चॅनल यूट्यूबवर नेलं होतं. तिथं बातमी दुसऱ्याच्या आधी टाकावी लागते. घडायच्या आधी टाकली तर फारच उत्तम. निम्मं गाव हार घेऊन लातूरला पोचलं. मग खुलासा म्हणून आप्पांनी स्वतः जाऊन सरजाबाईचा व्हिडिओ काढला. कॅमेऱ्यावर बोट रोखून ती म्हणाली, "मी हाय ना जित्ती! कोन्या मुडद्यानं मारलं मला?"

तो व्हिडिओ लाखांनी बघितला. कुणीतरी त्याला ढोलकी लावली. कुणाच्या मरणाची अफवा उठली की उत्तर म्हणून लोक सरजाबाई पाठवायला लागले. आप्पा आता केबलवरसुद्धा दिवसभर तिलाच दाखवत होते.

"खाली काय लिहिलंय वाच." आप्पांनी स्क्रीन त्याच्याकडं वळवली. "सरजाबाईंच्या निधनाची बातमी खोटी. अफवा पसरवणाऱ्यांवर कारवाई. हे मीच लिहिलंय. आता मीच पसरवू? अन् माझ्यावर मीच कारवाई करू?"

"आप्पा, आई घरात पडून हाय. भंतेजी येऊन बसलेत. माणूस न्हाई."

"फोन लाव की एकेकाला."

"पहाटधरनं तेच करून राहिलो. ऐका." ज्ञानोबानं उमरीच्या मावशीला परत फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "मावशी, खरंच गेली गं आई."

"मागच्या बारीलाबी गेलती," मावशी म्हणाली. "एसटीत छाती पिटीत आले मी. सगळी गाडी रडवली. अन् ही बया बिस्कुट खात बसल्याली. आता तिला फोन दे. तिच्या तोंडून ऐकल्याबिगर मी न्हाई निघत."

"आगं मावशी, ती कशी…"

"आत्ता तर बघितलं मोबाइलवर. बोलून राहिली की चांगली!"

फोन कट झाला. आप्पांनी दुसरी वाट सुचवली.

"मयतीचा फोटो टाक ग्रुपवर."

"टाकला. खाली हसायचे बाहुले आले. एकानं लिहिलं, ॲक्टिंग भारी, आजी."

"बरोबर हाय त्याचं," आप्पा म्हणाले. मग जीभ चावली.

"तो व्हिडिओच काढून टाका, आप्पा."

"तो काढला तर चॅनल मरतं, ज्ञानोबा. बाकी कुणी काय बघत न्हाई इथं." आप्पांचा आवाज खाली आला. "तुझी आई जिती हाय म्हणून आम्ही जिते हाओत."

ज्ञानोबाच्या फोनवर लेकीचा, लुंबिनीचा, मेसेज आला. 'बाबा, खांद्याला चौघं तरी आणा.' त्यानं तो आप्पांना दाखवला. आप्पा काही दगड नव्हते. त्यांनी कीबोर्ड पुढं ओढला.

"तिच्या व्हिडिओच्या खालून पट्टी चालवतो. केबलला अन् यूट्यूबलाबी. पण निधन म्हणायचं न्हाई, वारली म्हणायचं न्हाई, खबर खोटी म्हणून मी जाहीर केलंय. ते सोडून काय बी सांग."

ज्ञानोबा स्क्रीनकडं बघत राहिला. आई बोट रोखून बोलत होती. संपलं की लगेच पहिल्यापासून. ढोलकीसकट. चेहऱ्यावर अशी तरतरी, की त्याला स्वतःलाच एक क्षण वाटलं, घरी जाऊन परत एकदा बघावं.

मग त्यानं सांगायला सुरुवात केली. आप्पांनी तसंच टाइप केलं. सरजाबाईच्या हनुवटीखालून पट्टी सरकायला लागली :

'व्हिडिओतील महिलेस कळविण्यात येते की, आपण बोलत असल्यामुळे आपल्या अंत्यविधीस कोणीही येत नाही. तरी आपण आज दुपारपुरते बोलणे थांबवून कुटुंबीयांस सहकार्य करावे, ही नम्र विनंती.'